सहाव्या मजल्यावरचं माहेर

बेल वाजली तशी बायडाबाई उठली. अंथरुणाची वळकटी केली, पातेलं आणि तांब्या गोणीत कोंबला, गोणीच्या तोंडाला सुतळी आवळली, वळकटी काखेत मारून पायांत चपला सरकवल्या आणि उभी राहिली. आणि एवढं सगळं झाल्यावर मग तिला जाग आली. हातांनी झोपेतच आपलं काम उरकून टाकलं होतं. त्यांचा तरी काय दोष, जन्म गेला त्यांचा त्यात! मंडईच्या मागं फुटपाथवर झोपलेल्या माणसाला कुणी उठवलं की त्याचा अर्थ एकच असायचा. शटर उघडायला आलेला दुकानदार असो, पाण्याचे फवारे उडवत येणारा झाडूवाला असो, काठीनं तळपायाला डिवचणारा हवालदार असो, नाहीतर अतिक्रमणवाल्यांची गाडी असो. ऊठ म्हणजे नीघ. कुठं, ते विचारायचं नाही. पण इथं निघायचं कुठं? समोर पिवळट रंगाचं दार होतं, ते तिचंच होतं, आणि त्याच्यापलीकडं कुणीतरी बेलवरचं बोट काढायला तयार नव्हतं. तिनं कडी काढली. समोरच्या खोलीतली वासंती उभी होती, ओल्या केसांना पंचा गुंडाळून.

"काय मावशी, गावाला निघालात की काय?" वासंतीनं वळकटीकडं बघत विचारलं.

"नाही गं. झाडत होते."

"अंथरूण काखेत धरून? छान. आमच्यात केरसुणी वापरतात." वासंतीची जीभ अशीच होती, पण मनानं ती वाईट नव्हती. नदीकाठची तिची झोपडी पाडून तिला या इमारतीत आणलं होतं, आणि येताना तिनं देव्हाऱ्यासकट सगळा संसार उचलून आणला होता. "शालूचा फोन आला होता मला. तुमचा लागत नाही म्हणाली. आज दुपारी येतीय, सासूला घेऊन. सासूबाई घर बघणार आणि मग ठरवणार, सुनेला बाळंतपणाला इथं ठेवायचं की नाही ते." बोलता बोलता तिची नजर बायडाबाईच्या खांद्यावरून आत गेली आणि तिथंच अडकली. "मावशी, जरा घरासारखं करा हो घर."

दार लावून बायडाबाई वळली आणि वासंतीला काय दिसलं असेल ते बघू लागली. दाराशेजारी भिंतीलगत एक पट्टा होता. आडवं पडलं तर एक माणूस मावेल आणि उशाला गोणी राहील एवढा. त्या पट्ट्यात स्टो होता, घागर होती, दोरीवर टाकलेलं लुगडं होतं. त्याच्या पलीकडं सगळी फरशी मोकळी. मोरीपर्यंत जायला ती भिंतीकडेनं जायची, मधून नाही. मधली जागा जणू येणाऱ्याजाणाऱ्यांची होती. आतली खोली तर तिनं वापरलीच नव्हती. किल्ली मिळाली त्या दिवशी आत जाऊन आली होती, भिंतीला हात लावून बघितला होता, खिडकीतून खाली बघून डोळे फिरले तशी बाहेर आली होती आणि दार ओढून घेतलं होतं. ठरवून काही केलं नव्हतं बिचारीनं. सरकारी घरांच्या योजनेची माणसं फुटपाथवर आली, कोण कधीपासून इथं राहतं ते विचारून गेली, पुन्हा आली, फोटो काढून गेली, आणि पुष्कळ दिवसांनी मांडव घालून साहेबांनी हार घालून तिच्या हातात किल्ली ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीही टाळ्या वाजवायला गेली तर हातातली किल्ली खाली पडली आणि सगळे हसले. शेजारी निजणाऱ्या अख्तरबानूचा नंबर पुढच्या खेपेला लागेल म्हणाले. बानू म्हणाली, "जा बायडे, तू पुढं हो. पोरीला म्हायेर झालं तुझ्या." आणि बायडाबाईला खोलीपेक्षा त्या शब्दाचंच रडू आलं.

कारण सगळं घोडं तिथंच तर अडलं होतं. शालू लहान असताना कुणी विचारलं, तुझं घर कुठं, तर ती मंडईच्या टोकदार छपराकडं बोट दाखवायची. केवढं मोठं घर! लोक हसायचे, तीही हसायची. मग शाळेत गेली आणि हसायची बंद झाली. पुढं बायांच्या वसतिगृहात राहिली, लक्ष्मी रोडवर कापडाच्या दुकानात लागली, आणि मांजरी गावाहून टेंपोनं मंडईत पालेभाजी आणणाऱ्या संभाजीनं तिला पसंत केलं. घरची शेती, त्यातली काही बिल्डरला गेलेली, चार मजली घर, दारात गाडी. संभाजीच्या आईनं, मथुराबाईनं, लग्न लागू दिलं. पण हळदीच्या दिवशी जमलेल्या बायकांत ती जे बोलली ते बायडाबाईच्या कानांत अजून तसंच होतं. "पोरगी ग्वाड हाय. पर हिला पाठवायची म्हटली तर पाठवायची कुटं?" नागपंचमीला सगळ्या सुना माहेरी गेल्या तेव्हा शालू त्या चार मजली घरात एकटी मागं राहिली, आणि दिवाळीला मंडईत येऊन फुटपाथवर आईशेजारी तासभर बसून गेली, नवी साडी नेसून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा झेलत. खोली मिळाल्याचं कळलं तेव्हा तिनं फोनवर पहिलं वाक्य म्हटलं ते हेच: "आई, पहिलं बाळंतपण मी तुझ्याकडं करणार." आता तिला सातवा लागला होता. बायडाबाईला दुसरं काही नको होतं. ना खोली, ना नळ, ना पंखा. तिला शालूचं बाळंतपण हवं होतं, आपल्या हातानं, आपल्या उंबऱ्याच्या आत. जगातल्या कुठल्याही आईसारखं.

आणि एवढं असून तिला या घरात झोप येत नव्हती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाला सांगणार आणि काय सांगणार? माणसं घर नाही म्हणून रडतात, हिला घर आहे म्हणून रडू येतं? थोबाडीत मारतील लोक. पण दार लावलं की तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची. फुटपाथवर डोळे मिटले तरी तिला सगळं कळत असायचं: कोण चाललंय, कुत्रं कुणावर भुंकतंय, पहाटेचा भाजीचा पहिला ट्रक कुठवर आला, बानू खोकली, बानू कुशीवर वळली. इथं डोळे मिटले की काहीच नाही. नुसतं छत. दाराच्या पलीकडं कोण उभं आहे ते कळायला मार्ग नाही. एकदा तिनं दार सताड उघडं टाकून झोपून बघितलं, तर वरच्या मजल्यावरचे कुणी आत डोकावून म्हणाले, आजी, दार लावा, असं झोपू नये, जग वाईट आहे. जग वाईट आहे हे तिला सांगत होते! तिथून पुढं ती काय करायची, तर दोन-तीन रात्री कशाबशा काढायची, आणि मग एखाद्या संध्याकाळी कुलूप घालून बस धरायची आणि मंडईच्या मागं आपल्या जुन्या जागी बानूशेजारी जाऊन आडवी व्हायची. बानू काही विचारायची नाही, फक्त सरकून जागा द्यायची. तिथं मात्र पाठ टेकली की झोप. सकाळी लाज वाटायची. पुन्हा नाही यायचं असं म्हणत ती परतीची बस धरायची, आणि बसमध्ये बसल्या बसल्या शालूच्या बाळाचं न्हाणं-माखणं मनात करत यायची.

वासंतीनं सकाळभर राबून घराला घरपण आणलं. स्वतःची लोखंडी खाट आणून आतल्या खोलीत टाकली, तिच्यावर फुलाफुलांची चादर घातली, खिडकीला पडदा लावला, भिंतीवर कॅलेंडर टांगलं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्या. गोणीतली भांडी काढून ओट्यावर मांडली. बायडाबाईला ती तशी उघड्यावर मांडलेली बघवेना. हात सारखा शिवशिवत होता, पुन्हा गोळा करून गोणीत भरायला. वासंतीनं तिचा हात धरला. "मावशी, भांडी पळून जात नाहीत. आणि गेली तर मला सांगा, मी आणून देईन." मग म्हणाली, "मला पण नव्हतं करमत सुरुवातीला. होतं हळूहळू." बायडाबाईनं मान हलवली. होत असेल. वासंतीची झोपडी असली तरी तिला दार होतं. दार लावायचं तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

मथुराबाई आली ती धापा टाकत नव्हती की नाक मुरडत नव्हती. शेतात राबलेली उंच बाई, पदर खोचलेला, डोळे सगळीकडं. मागून शालू आली, पोट पुढं, चेहरा सुजल्यासारखा, पण हसत. दारातूनच तिनं आईकडं असं बघितलं की बायडाबाई तिच्या हाताला धरायला पुढं झाली. मथुराबाई खुर्चीवर बसली नाही. आधी मोरी बघितली, नळ सोडून बघितला, खिडकीचे गज हलवून बघितले, आतली खोली बघितली, खाटेवर हात दाबला, आणि बाहेर येऊन दाराशेजारच्या पट्ट्यापाशी थांबली. तिथला स्टो आज ओट्यावर गेला होता, दोरी काढली होती, पण फरशी मात्र तेवढीच पुसलेली, चकचकीत, आणि बाकीच्या फरशीवर सकाळी झाडूनही मुरलेली धूळ तशीच. बायडाबाईला वाटलं, संपलं.

"खाट तुमची न्हाई, विहीणबाई," मथुराबाई म्हणाली.

"शेजारची आहे."

"आन खुर्च्याबी."

"हो."

"आमच्या आळीला अशा लई बिल्डिंगी झाल्यात. खोल्या मिळत्यात, लोक भाड्यानं देत्यात आन पुन्ना पुलाखाली जाऊन ऱ्हात्यात. मी तुमाला तसं म्हणत न्हाई. पर खरं सांगा, तुमी हितं ऱ्हाता न्हवं?"

"राहते की."

"रोज?"

"रोज," बायडाबाई म्हणाली. पापणी लवली नाही तिची. शालू आईकडं बघत होती आणि मग तिनं नजर खाली घातली. पोरीला कळलं का? कळलं असेलही. मथुराबाईनं सुस्कारा टाकला आणि आता कुठं ती खुर्चीवर टेकली. तिनं घोटभर चहा घेतला आणि बशीत बघत म्हणाली, "माजं पैलं बाळंतपण माज्या आईकडंच झालं. खायला न्हवतं घरात. आई हातसडीच्या कण्या घालायची शिजवून. पर रातीला पोटात कळ आली की उशाशी बसून असायची. तसलं काय मिळत न्हाई सासरी, कितीबी मजलं चढवलं तरी." मग शालूकडं वळून म्हणाली, "ऱ्हा गं. पिशवी आणलीया गाडीतनं, ती संभाजी वर आणून दील. म्हायेर हाय तर म्हायेरी ऱ्हावं." आणि जाताना दारात ती बायडाबाईचा हात हातात घेऊन म्हणाली, "मी हळदीच्या दिशी बोलले ते चुकलंच माजं. मनात ठिवू नगा." या बाईचा राग करत बायडाबाईनं वर्ष काढलं होतं आणि आता राग करायलाही काही उरलं नाही. ती नुसतीच हात धरून उभी राहिली.

सगळे गेल्यावर घर एकदम गप्प झालं. शालू आतल्या खोलीत खाटेवर पडली. "आई, पाठ धरलीय गं, जरा पडते," म्हणाली, आणि मग झोपेत शिरता शिरता, "आई, कवठ मिळेल का गं कुठं? कालपासून जीव नुसता कवठावर गेलाय." तिचा डोळा लागला. बायडाबाई उंबऱ्यात बसून तिच्याकडं बघत राहिली. लेकीनं माहेरी आल्या आल्या काहीतरी मागितलं! तिच्या अंगात एकदम चैतन्य आलं. कवठ काय, मागितलं तर आभाळातलं आणीन, असं तिला वाटलं. खाली गेटाशी भाजीवाला बसतो त्याच्याकडं असेल. ती उठली आणि पुन्हा बसली. झोपलेल्या पोरीला अशी टाकून कसं जायचं?

शालू नऊ-दहा वर्षांची झाली तेव्हापासून हेच. भैरू, बायडाबाईचा नवरा, मार्केट यार्डात हमाली करायचा आणि पहाटे ट्रक उतरवायला जायचा. पुढं तापानं गेला तेव्हा तर मायलेकीच राहिल्या. रात्री बायडाबाई आपला पदर शालूच्या घोट्याला बांधायची, गाठ घट्ट, आणि पदराचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. मोरीला जायचं तर दोघींनी. एकदा ती तशीच उठली, पोर गाढ झोपलीय म्हणून गाठ सोडून नळावर गेली, आणि परत येते तो शालू उठून बसलेली, शालीत गुरफटून, आणि फुटपाथच्या कडेला एक माणूस उकिडवा बसून बिडी ओढतोय. काही झालं नव्हतं. त्यानं काही केलं नव्हतं. पण शालूनं त्यानंतर कितीतरी दिवस तोंडातून शब्द काढला नाही, आणि त्याच आठवड्यात बायडाबाई स्वतः जाऊन वसतिगृहाच्या बाईंच्या पायावर पडली, हिला ठेवून घ्या म्हणून. लोक म्हणाले, केवढं दगडाचं काळीज. म्हणू देत. पोर झोपलेली असताना आईनं पाठ फिरवली की काय होतं ते त्यांना काय माहीत!

आणि मग तिला सुचलं. कुलूप! तिच्याजवळ कुलूप होतं की. तिनं आतल्या खोलीचं दार हळूच ओढलं, बाहेरचं दार ओढलं, कोयंड्यात कुलूप घातलं आणि दोनदा ओढून बघितलं. जन्मात पहिल्यांदा झोपलेल्या लेकीला मागं ठेवून ती निर्धास्त निघाली. कुणी येणार नाही, कुणी बघणार नाही, कुणी कडेला बसून बिडी ओढणार नाही. घर म्हणतात ते यासाठी, असं तिला वाटलं, आणि वासंतीच्या दारावर थाप मारून हे सांगावं असंही वाटलं; पण वासंती कामावर गेली असणार. जिना उतरताना ती चक्क गुणगुणत होती.

गेटापाशी कवठ नव्हतं. पुढच्या चौकातही नव्हतं. मंडईत मात्र असणार, शिवरात्र झाली की ढीग लागतात. समोरून बस आली. पाय आपले चढले. बसमध्ये खिडकीतून वारा लागला आणि दुपारपासून, छे, कित्येक दिवसांपासून आवळून धरलेलं काहीतरी तिच्या आत सैल झालं. मंडईत उतरली तेव्हा उन्हं कलली होती. कोथिंबीर, मेथी, सडलेला टोमॅटो, उदबत्ती, घोड्याची लीद, असा तो सगळा वास एकदम अंगावर आला आणि तिनं भरभरून श्वास घेतला. बंद दुकानाच्या पायरीपाशी अख्तरबानू खानावळीसाठी लसूण सोलत बसली होती. "ये बायडे," म्हणून ती सरकली. बायडाबाई क्षणभर टेकली. समोर लसणाचा ढीग असताना हात मोकळे ठेवून कसं बसायचं? तिनं मूठभर ओढून घेतला. गड्डी फोडायची, पाकळी चोळायची, साल फुंकायची. बोटं आपली चालत राहिली. बानू आपल्या पुतण्याचं, चांदचं, काही सांगत होती, त्याच्या रिक्षाचं, त्याच्या बायकोच्या नखऱ्यांचं. बायडाबाई हसत होती. हातगाड्या जात होत्या, कुणी तिला ओळखून "काय बायडाबाई, बंगला सोडून इकडं कुठं?" म्हणून गेलं, तिनंही त्याला दोन शब्द सुनावले. सूर्य समोरच्या घरांमागं गेला. दिवे लागले. तिला कसली घाई वाटत नव्हती. तिला छान वाटत होतं.

"आन शालूला कधी आणनार गं घरी?" बानूनं विचारलं.

"आणली की. आजच आली," बायडाबाई म्हणाली. "झोपलीय घरी."

"मग तिच्यापाशी कोण हाय?"

बायडाबाईचा हात कमरेला गेला. किल्ली तिथं होती. तिनं ती चाचपली. बायडाबाई उठली, मांडीवरची लसणाची सालं सगळीकडं उडाली, आणि ती बसथांब्याकडं पळत सुटली. चप्पल एका पायात, एक हातात. बस गर्दीत रखडत होती. देवा, बस पुढं ने. कुणीतरी बसायला जागा दिली, तिला बसवेना. कुणीतरी विचारलं, आजी, काय झालं, तिला सांगता येईना. काय सांगायचं? पोरीला कुलपात घातलं आणि विसरले? पोटुशी पोर, आणि विसरले? विसरले नव्हते, ती स्वतःशीच भांडू लागली. मी तिला सांभाळूनच ठेवली होती, चांगली बंदोबस्तात ठेवली होती. पण मनातलं दुसरं कुणी तिला सोडायला तयार नव्हतं. ते विचारत होतं: आणि तू हसत कशाला होतीस गं?

लिफ्टच्या डब्यात ती कधी शिरली नव्हती आणि आत्ताही शिरली नाही. सहा मजले ती कठडा धरून, स्वतःला ओढत चढली. वर वासंती दाराबाहेर पाट टाकून बसली होती आणि बंद दाराशी बोलत होती, काहीतरी तिच्या आईनं केलेल्या लाडवांचं. बायडाबाईला बघून ती उठली. टोमणा मारला असता तरी बरं वाटलं असतं; ती फक्त म्हणाली, "उघडा आधी." किल्ली कुलपात जाईना. वासंतीनं तिच्या हातातून ती घेतली, दार उघडलं आणि दोघींकडं पाठ करून आपल्या घरात निघून गेली.

शालू दाराशेजारीच खाली बसली होती, भिंतीला टेकून, त्याच पट्ट्यात. तोंड धुतलेलं होतं.

"कवठ मिळालं?" तिनं विचारलं.

बायडाबाईला कवठाची आठवणसुद्धा राहिली नव्हती. तिनं मान हलवली आणि लेकीसमोर मटकन बसली. "शालू, अगं मी... तुला एकटीला उघड्यावर कशी ठेवू, म्हणून..."

"ते कळलं मला. दार ओढून बघितलं तेव्हाच कळलं. रागावले नाही मी." तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते. "मधे दोनदा कळ आली. भीती वाटली. मग वासंतीताई आल्या कामावरून, म्हणाल्या, खोट्या असतात अशा कळा, होतं असं. गेली आता."

"सासूला कळवलंस?"

"नाही. आत्या आल्या असत्या तर कुलूप बघितलं असतं त्यांनी." शालू थांबली. "कुठं होतीस?"

"बानूपाशी."

"काय करत होतीस?"

"लसूण सोलत."

आईच्या पदराला चिकटलेलं लसणाचं साल शालूनं नखानं काढलं. मग म्हणाली, "आई, मला खरं सांग. आत्यांना सांगितलंस तसं नको. मला खरंखुरं सांग. रात्री कळा सुरू झाल्या, तर तू असशील ना इथं?"

हो. हा शब्द बायडाबाईच्या जिभेवर आलाच होता. दुपारी परक्या बाईला तिनं असंच डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं होतं, आणि आता तर ती आपल्या लेकीशी बोलत होती, जिच्यासाठी तिनं फुटपाथवर उभा जन्म काढला, जिच्या घोट्याला स्वतःला बांधून घेऊन निजली. हो म्हणायचं. म्हटलं की झालं. मग ही इथं राहील, सकाळी हिच्या अंगाला तेल लावायचं, हिला डिंकाचे लाडू करायचे, बाळ पायावर घ्यायचं, वासंती येईल, बानू येईल, मथुराबाई टोपडं-झबलं घेऊन येईल. सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं, अगदी बाळाच्या डोक्यावरच्या ओल्या केसांसकट. आणि तिला आपले पाय आठवले, बसमध्ये आपले आपण चढलेले. तिनं कधी ठरवलं होतं का जायचं? एकदा तरी? ती झोपेत अंथरूण गुंडाळते, ती जागेपणी जिना उतरते, तिचं तिला कळत नाही. एखाद्या रात्री छातीत धडधडायला लागेल, ही आत झोपलेली असेल, आणि सकाळी डोळा उघडेल तेव्हा आपण मंडईच्या मागं असू. ज्या लेकीला आजवर कधी खोटं सांगितलं नाही, भैरू गेला तेव्हासुद्धा नाही, तिला हे सांगायचं?

"सांगता येत नाही, शालू," ती म्हणाली.

शालूनं मान डोलवली. जसं काही तिला तेच अपेक्षित होतं. ती भिंतीला धरून उठली, खोलीत हवा नाही म्हणत उघड्या दारातून बाहेर जिन्याजवळ गेली आणि फोन लावला. "आत्या? हो, झोपले होते. आत्या, ह्यांना पाठवता का गाडी घेऊन? ... नाही, नाही, बरी आहे मी. ... अहो, आई कशाला नको म्हणेल, ती तर सोडायलाच तयार नाही. बसलीय इथं डोळ्याला पदर लावून. पण इथली लिफ्टच बंद पडलीय. महिना लागेल म्हणतात. सहा मजले मला नाही झेपायचे."

बायडाबाई उंबऱ्याच्या आत बसून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या छातीवरचा दगड उतरला. तिला मोकळं वाटलं. लेक चालली आणि तिला मोकळं वाटलं. आणि ते कळलं तशी आपल्याला धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. तेवढ्यात घरघर करत लिफ्ट वर आली, दार खडखडून उघडलं, आणि खाली खेळून आलेली पोरं दंगा करत बाहेर पडली. शालूनं तळव्यानं फोन झाकून घेतला, आणि आईकडं न बघता ते दार पुन्हा बंद व्हायची वाट बघत उभी राहिली.